दसऱ्याची सकाळ, नऊ ते अकरा

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "तुला नेमकं काय हवंय?"

मी म्हणाले, "त्याचं वाटोळं."

लिहायला म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते पुन्हा लावून टाकलं. "ते कोर्टात मिळत नाही. इथं तीन गोष्टी मिळतात. घटस्फोट, मुलीचा ताबा आणि पोटगी. यातलं काय हवंय ते सांग. वाटोळ्याचं तुझं तू बघ."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या असतील. मी ते पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं.

मी यवतमाळकडची. शाळा सातवीत सुटली, कापूस वेचायला लागले. मामा नाशिकला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी मजूर होता. त्यानंच हे स्थळ आणलं. मुलगा एकत्र कुटुंबातला, दिंडोरी रोडला स्वतःचा मळा, बारमाही पाणी. पाणी म्हटल्यावर माझ्या बापानं पुढचं काही विचारलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, दूर चाललीस, कोणाशी वाकडं बोलू नको. मी बोलले नाही. तरी माझ्या बोलण्यावरून घरात हसणं चालायचंच. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "काय बी सांगा, 'का'ला काऊन म्हणती. दिवसभर नुसतं काऊन काऊन, कावळा पाळल्यागत."

मळ्यात मेथी, कोथिंबीर, थोडी शेवंती आणि दसऱ्यासाठी झेंडू. झेंडूनं हाताला जो हिरवट काळा रंग चढतो तो आठवडाभर जात नाही, भाकरीलाही वास लागतो. दसऱ्याच्या आधी दोन दिवस घरात कोणी झोपत नसे. तोडायची, निवडायची, जाळ्या भरायच्या, टेम्पोत चढवायच्या आणि पंचवटी कारंजाजवळ रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून ढीग लावायचा. पण खरा धंदा दसऱ्याच्या सकाळी नऊ ते अकरा. नऊच्या आधी माणसं भाव विचारून पुढं जातात. अकरानंतर घरोघरी तोरणं लागलेली असतात. बाराला भाव पडतो आणि दुपारी तेच फूल तिथंच रस्त्यावर ओतून लोक रिकाम्या जाळ्या घेऊन घरी जातात. ज्यानं हे केलेलं नाही त्याला सांगून कळत नाही. त्या दोन तासांत मळ्यातल्या माणसाला आई-बाप, बायको-पोर कोणी नसतं.

माझी आरोळी चांगली होती. कापसाच्या शेतात या टोकाकडून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे आवाज मोकळा. "घ्या झेंडू, पहाटेचा झेंडू!" म्हटलं की समोरच्या फुटपाथवरचं माणूस वळायचं. सासूबाईंनी माझं कौतुक केलं असेल तर ते एवढ्याच बाबतीत.

लेक तीन वर्षांची होती त्या दसऱ्याची गोष्ट. आदल्या संध्याकाळी मी मागच्या पडवीत फुलं निवडत होते. मामा सायकलवर एकलहऱ्याहून मळ्यापर्यंत आला. मला दिसला नाही, बांधावरच नवऱ्याला भेटला. माझा बाप दुपारी गेला होता. मामा रात्रीच्या गाडीनं निघणार होता आणि मला घेऊन जायला आला होता. नवरा म्हणाला, "मी सांगतो तिला. तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो मागून." मामा भाबडा. गेला.

दुसऱ्या दिवशी मी कारंजावर उभी राहून बारा वाजेपर्यंत आरोळ्या मारल्या. त्या वर्षी माल लवकर संपला. येताना टेम्पोत नवऱ्यानं मला भजी घेऊन दिली.

मामा गावाहून परत आला तो सरळ मळ्यात. दारातच म्हणाला, "तुही माय वाट पाहत होती वं पोरी. तू काऊन नाही आली?"

"कायले?"

"कायले म्हणजे?"

माझ्या तोंडाकडे पाहून त्याला समजलं. तो तिथंच मातीत खाली बसला. मला बाप गेल्याचं असं समजलं.

नवऱ्याला विचारलं तर त्यानं वर सुद्धा पाहिलं नाही. पाइप जोडत होता. "सांगितलं असतं तर तू गेली असती. मग आरोळी कोणी मारायची? मेलेला माणूस काय तुझ्यासाठी थांबणार व्हता?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "सन तर पार पडला ना नीट? आता जा की. कोण अडवतंय?"

मी गेले. लेकीला घेऊन गेले ते परत त्या दारात पाऊल टाकलं नाही. तोवर मी नवऱ्याला 'ते' म्हणत होते. त्या दिवसापासून तो 'तो' झाला.

माहेरी महिनाभर राहिले. आईचा जीव होता, पण दोन भावांची कोरडवाहू शेती आणि त्यात मी आणि पोर. मामानं पुन्हा एकलहऱ्याला आणलं. कंत्राटदाराच्या मेसवर पोळ्या लाटायचं काम मिळवून दिलं, वीज केंद्राच्या कॉलनीपलीकडची एक पत्र्याची खोली मिळवून दिली. एका इंजिनिअरच्या घरीही मी पोळ्या करायची. त्या घरच्या बाईंनी माझी कहाणी ऐकली आणि हाताला धरून नाशिकला सीबीएस बसस्टँडसमोरच्या कोर्टात नेलं. गरीब बायकांना तिथं सरकारकडून वकील मिळतो हे मला त्यांनीच सांगितलं. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू? आणि वकीलबाईंचे तर नाहीच फिटायचे. मी दर खेपेला ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा नेत असे. फाइली बाजूला सारून, डोळ्यांतून पाणी काढत त्या खायच्या.

नोटीस गेली आणि चारच दिवसांत दीर लेकीच्या बालवाडीत आला. बालवाडीच्या बाईला म्हणाला, काका आहे. लेक काकाला ओळखत होतीच. रस्त्यावर टेम्पोत सासूबाई बसलेल्या. मी पोळ्या आटोपून न्यायला गेले तर बालवाडीची सतरंजी गुंडाळलेली.

तेव्हापासून मला जी धास्ती लागली ती अजून आहे. कडी लावली तरी उठून पुन्हा बघते. लेक दोन मिनिटं नजरेआड झाली की हाका मारत सुटते. त्या आठवड्यात मी किती वेळा सीबीएसला गेले माहीत नाही. वकीलबाईंनी अर्ज केला, कोर्टानं सासरच्यांना मुलीला घेऊन यायला सांगितलं आणि लेक मला परत मिळाली. तिच्या नखांत झेंडूचा रंग होता. बसमध्ये मला म्हणाली, "आजी म्हणते तू पळून गेली."

मी वकीलबाईंना सांगितलं, "आता एकदाच लिहून घ्या मॅडम, पोरगी माझी म्हणून."

"असं लिहून मिळत नाही," त्या म्हणाल्या. "ताबा म्हणजे सातबारा नव्हे. मुलावर मालकी नसते, सांभाळ असतो. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे ठेवतात. पुढं कोर्ट एकच बघतं, मुलीचं भलं कशात आहे. तुझं भलं नाही, त्याचंही नाही."

"म्हणजे पुढं कधी तिला काढून नेऊ शकतात?"

"तू नीट वागलीस तर कशाला नेतील?"

पोटगीचंही त्यांनीच समजावलं. मला वाटायचं, त्याचे पैसे घेतले की तो पोरीवर हक्क सांगणार, त्यापेक्षा नकोच. त्या म्हणाल्या, "पोटगी मुलीची आहे, तुला नाकारायचा अधिकारच नाही. आणि लक्षात ठेव, पैसे थकले म्हणून तुला भेट थांबवता येणार नाही, आणि भेट झाली नाही म्हणून त्याला पैसे थांबवता येणार नाहीत. दोन वेगळी पातेली आहेत. एकातलं दुसऱ्यात ओतायचं नाही." मी मान डोलावली. पातेल्याचं मला लगेच कळलं. बाकीचं दोन-तीनदा विचारावं लागलं, आणि त्यांनी दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलं.

मग एक दिवस त्याच्याकडून निरोप आला की दोघांच्या संमतीनं मोकळं व्हायला तो तयार आहे. मामानं माग काढला. सासूबाईंनी त्याच्यासाठी जवळच्याच गावातली मुलगी बघून ठेवली होती.

वकीलबाई हसल्या. "त्याला घाई आहे. आपल्याला नाही. आपण सावकाश बोलायचं."

अटी ठरवायला आम्ही कोर्टाच्या एका खोलीत बसलो. मी आणि वकीलबाई, समोर तो, त्याचे वकील आणि सासूबाई. मुलगी आईकडे राहणार, मान्य. पोटगी दर महिन्याला, मान्य. वकीलबाई एकेक बोलत होत्या आणि तो सगळ्याला मान हलवत होता. मग सासूबाई पुढं सरकल्या.

"पोरगी ठेव तुझ्याकडं. पन सनाला आमची लेक आमच्या दारात पायजे. दसरा, लक्ष्मीपूजन, गुढीपाडवा. कंपनीच्या पत्र्याला तोरण बांधून का कुठं सन होतो?"

वकीलबाई म्हणाल्या, "सगळे सण तुम्हाला? आईनं काय..."

मी टेबलाखाली त्यांचा हात दाबला. "देऊन टाका मॅडम. सण त्यांनाच देऊन टाका."

समोरचे वकील खूश झाले. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की, बघ, कशी नमवली.

"फक्त बापानं स्वतः न्यायला यायचं," मी म्हणाले. "एकदा पळवून नेलीय, दुसऱ्या कोणाच्या हातात मी देणार नाही. सकाळी नऊ ते अकरा या वेळात न्यायची आणि संध्याकाळी सातला आणून सोडायची. अकरानंतर मी थांबणार नाही. मला मेसवर जायचं असतं."

"रास्त आहे," त्याचे वकील म्हणाले आणि लिहायला लागले.

तेव्हा त्यानं मान वर केली. त्या सबंध दिवसात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला कळलं होतं. त्या खोलीत आम्हा दोघांनाच ते कळलं होतं. सासूबाई जिंकण्याच्या नादात होत्या, त्यांचं तासांकडे लक्षच गेलं नाही. कारंजावर पोर ढिगाशेजारी पोत्यावर झोपायचं, सण असाच व्हायचा. पोराला आणायला एका माणसानं उठून जावं लागेल हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? त्यानं तोंड उघडलं. पण बोलायचं काय? दसऱ्याला पोरीसाठी वेळ नाही म्हणून सांगायचं, वकिलांसमोर, आईसमोर? त्यानं तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाकडे मी पोटभर बघून घेतलं.

अर्ज झाला, मधले सहा महिने गेले, पुन्हा उभं राहून दोघांनी होय म्हटलं आणि आम्ही मोकळे झालो. न्यायाधीशांपुढं वकीलबाई म्हणाल्या, "माझ्या अशिलानं समजूतदारपणा दाखवला आहे." मी खाली पाहिलं. लोकांना वाटलं असेल, बिचारी रडतेय.

पहिला दसरा आला. मी लेकीला नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या आणि नऊच्या ठोक्याला कॉलनीच्या गेटवर नेऊन उभी केली. वॉचमनला सांगितलं, "काका, बघून ठेवा, किती वाजता कोण येतंय."

साडेनऊला दीर आला, स्कूटरवर. "वहिनी, भाऊ कारंजावर बसलाय. मी नेतो हिला."

"कोर्टात काय ठरलंय?"

"सनाच्या दिवशी कोर्ट काढता का आता?"

"बाप ठरलाय. तुम्ही काका."

"आवो, असं काय करता? माल पडलाय तिकडं. त्यानं उठायचं कसं?"

"उठायचं आणि यायचं. मी जशी उठून आले तशी."

तो वॉचमनकडे बघून म्हणाला, "लय अवघड बाई हाये." वॉचमननं तंबाखू मळत दुसरीकडे पाहिलं. दीर गेला.

अकराला मी लेकीला घरात आणलं. "बाबा?" तिनं विचारलं.

"फुलं विकतायत," मी म्हणाले. "त्यांना फुलं जास्त आवडतात."

त्या दिवशी मेसवर माझ्या पोळ्या टम्म फुगल्या. मनात सारखा तोच, ढिगाच्या मागे बसलेला, गिऱ्हाईकाला फुलं मोजून देतोय आणि मनगटावरच्या घड्याळात बघतोय. दहा. सव्वादहा. पावणेअकरा. बापाच्या चितेला मी जशी पोचले नाही तसा तूही पोचणार नाहीस. बस तिथंच.

लक्ष्मीपूजनालाही तो आला नाही. त्यानंतर वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. भाकरीचा डबा त्यांनी उघडला नाही.

"दसऱ्याला तोरणाची फुलं घ्यायला मी कारंजावर गेले होते," त्या म्हणाल्या. "दहा वाजले असतील. ढिगामागे कोण बसलं होतं सांगू?"

मी डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी तुझ्या समजूतदारपणाचं कौतुक करत होते." त्यांना हसू आलं, मग ते गेलं. "मी तुझी वकील आहे, म्हणजे मला हे आवडायला पाहिजे. पण नवा फ्रॉक घालून गेटवर कोण उभं होतं? तिला वकील नाही."

"त्यानं माझ्या बापाला..."

"माहीत आहे मला. दहा वेळा ऐकलंय. आता तू ऐक. तो अर्ज करणार. कोर्टाला एकदा वाटलं की तू मुद्दाम बापाला तोडतेयस, तर ताब्याचा विषय पुन्हा निघू शकतो. तो कधीच कायमचा मिटत नाही. त्याचं वाटोळं करायला जाशील आणि मुलगी घालवून बसशील."

जिना उतरून मी सरळ लेकीला आणायला गेले. पण पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. भीती वाटली, एवढंच.

गुढीपाडवाही तसाच गेला आणि त्यानं खरोखर अर्ज केला. सणांऐवजी रविवार द्या. न्यायाधीशांनी कागद चाळले आणि त्याला विचारलं, "सणाचे दिवस तुम्हीच मागितले होते ना?"

"हो साहेब."

"मग गेला का नाहीत?"

तो टोपी हातात चुरगळत उभा. "साहेब, माल असतो."

"कसला माल?"

"झेंडू."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू मी अजून जपून ठेवलंय. अंगात ताप असला, मन खचलं की ते काढून ऐकते.

न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, "येत्या दसऱ्याला आधी जाऊन दाखवा. मग रविवारचं बघू." नंतर माझ्याकडे वळले. "आणि बाई, ते आले तर मुलगी तयार पाहिजे. काही निमित्त चालणार नाही."

म्हणजे सगळं त्या दोन तासांवर येऊन ठेपलं. तो आला नाही तर त्याचं मागणं संपलं, लेक पुरती माझी. आला तर दर रविवारी ती त्याच्या मळ्यात. मला खात्री होती, येणार नाही. झेंडूच्या घरात पाच दसरे काढले होते मी.

त्या दसऱ्याला नऊ वाजले, दहा वाजले. लेक गेटच्या गजांना लोंबकळत होती. साडेदहाला मी वॉचमनला म्हणाले, "काका, तुमचं घड्याळ मागे आहे का हो?" तो म्हणाला, "नाही वहिनी, तुम्हालाच घाई आहे." पावणेअकराला एम-एटीचा आवाज आला.

तोच होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हात कोपरापर्यंत हिरवे काळे. गाडी बंद न करताच म्हणाला, "भर बाजार सोडून आलोय."

"मग?"

"ढीग तसाच हाये. नवीला आरोळी जमत नाय."

"मला जमत होती," मी म्हणाले. "बाप मेला होता तरी जमत होती."

त्यानं मान खाली घातली. चुकलं म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मी ते घेतलं नसतं. लेक आधी माझ्या मागे लपली. मग पुढं झाली, त्याच्या शर्टाचा वास घेतला आणि स्वतःहून गाडीवर चढली. तो वास मला येऊन गेला होता. मी दोन पावलं मागे सरले.

दिवसभर मी तो ढीग डोळ्यांपुढं आणत होते. उन्हात मान टाकलेला, गिऱ्हाईक नाही, नवी बायको तोंडात पदर धरून बसलेली, सासूबाईंचा बसका आवाज. गोड वाटत होतं. मधेच कडीकडे जाऊन येत होते. आणली नाही तर? सात वाजून गेले तर?

सातच्या आत आणून सोडली. तळहात पिवळे आणि आवाज पार बसलेला.

"आई, मी आरोळी मारली! घ्या झेंडू, पहाटेचा झेंडू! बाबा म्हणाले, अगदी आईसारखी मारते."

"सगळी खपली?"

"नाही गं. खूप उरली. रस्त्यावर ओतली. आजी रडली."

सासूबाई रडल्या हे ऐकून मी उठून तिला पानात जास्तीचं श्रीखंड वाढलं. मग तिचे हात धुवायला घेतले. लिंबू चोळलं, राख चोळली, रंग जाईना. आणि त्या बसलेल्या घशानं ती झोपेपर्यंत मला आरोळी म्हणून दाखवत होती. माझा आवाज. गावाहून मी एवढी एकच वस्तू बरोबर आणली होती. ती त्यांनी एकदा वापरून घेतली होती. आता दुसऱ्यांदा.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी लेकीला आत बोलावून तिच्याशी गप्पा मारल्या. वकीलबाईंनी मला नंतर सांगितलं. कोणत्या दिवशी बाबांकडे जायला आवडेल, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दसऱ्याला. पण लवकर. नऊला गेलं तर उशीर होतो."

मी सही केली. महिन्याचे दोन रविवार आणि दसरा, पहाटेपासून. वेळ त्यानं सांगितली नाही, मी सांगितली नाही, तिनं सांगितली. लक्ष्मीपूजन आणि पाडवा मला परत मिळाले. ताबा माझ्याकडेच राहिला. वकीलबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता झोप लागेल ना?" मी हो म्हणाले. त्यांना तरी काय सांगायचं?

पण त्या म्हणाल्या होत्या ना, वाटोळ्याचं तुझं तू बघ. मग मी एक केलं. दर दसऱ्याला मी एकलहऱ्याहून बस धरते आणि नऊ ते अकराच्या मध्ये कारंजावर जाते. त्याच्याच ढिगापुढं उभी राहते. गिऱ्हाईक म्हणून. लेक बारा-तेरा वर्षांची होती त्या वर्षी अशीच गेले. गर्दी ऐन भरात.

"कसा दिला शेकडा?"

सासूबाईंनी मान वर केली. "तू कशाला आली इथं?"

"फुलं घ्यायला. गिऱ्हाईकाशी असं बोलता होय?"

मागे चार माणसं उभी. तो घाईनं म्हणाला, "घ्या ना बाई, घ्या. भाव सगळ्यांना एकच हाये." बाई म्हणाला मला. अहो-जाहो केलं. मी खाली बसले आणि एकेक फूल उचलून बघायला लागले. "हे मार लागलेलं. हे शिळं."

"शिळं नाय, पहाटंची तोड हाये."

"पहाटेची तोड मला शिकवू नका. कमी करा काहीतरी, मग घेते."

"बाई, कमी नाय होनार. बाजार बघा."

"मग राहू द्या. पलीकडे याहून ताजी आहेत." हे मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मागचा एक माणूस खरंच पलीकडे निघाला. ढिगामागचा त्याचा चेहरा बघायला मी वर्षभर थांबते.

तेवढ्यात ढिगाच्या मागून जाळी घेऊन लेक उठली. ओढणी कमरेला बांधलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"आई, भाव कमी होणार नाही. घ्यायची तर घे, नाहीतर बाजूला हो. मागे गिऱ्हाईक थांबलंय."

लोक हसले. सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. मी पैसे काढले. लेकीनं पाच-पाच फुलं उचलत शंभर मोजली, पिशवीत टाकली आणि वर आणखी पाच टाकली.

"ही कशाला?"

"ओळखीच्या गिऱ्हाईकाला वर पाच द्यावी लागतात," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. "बोला काका, किती?"

ओळखीचं गिऱ्हाईक. बसमध्ये सगळ्या वाटेनं ते शब्द माझ्या मांडीवर पिशवीसारखे बसून होते.

घरी येऊन मी तोरण ओवलं, आंब्याची पानं घातली, बांधलं. वरची पाच बाजूला काढून ताटलीत ठेवली. त्याचं फुकटचं मला नको. पुढच्या वर्षी वाळलेली नेऊन त्याच्यापुढं टाकायची, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

संध्याकाळी लेक आली. दारात चप्पल काढता काढता तिनं वर बघत पाच-पाचनं तोरण मोजलं आणि म्हणाली, "पाच कुठं गेली?"

"त्यांची फुलं माझ्या दाराला नकोत."

तिचा आवाज बसलेला होता. मी मिठाचं कोमट पाणी दिलं, ती गुळण्या करून आली.

"त्यांची कुठं? बाबा मला दिवसभराच्या कामाची म्हणून थोडी फुलं देतात, माझ्या घरी न्यायला. त्यातली होती ती."

सुईत दोरा अजून शिल्लक होता. स्टूल घेतलं, तोरण खाली काढलं आणि पाचही फुलं एका टोकाला ओवली. शेवटची गाठ मारताना तिनं दोरा धरला होता. तिचे हात काळे होते म्हणून दोराही काळा झाला. तिच्या बापाला मी अजून माफ केलेलं नाही.